पालोमा थिएटरपासून दोन गल्ल्या तळ्याकडे

मी एक जुना, हिरवा, गोल तबकडीचा टेलिफोन आहे. माझ्या पाठीतून निघणारी वायर आता कुठेच जात नाही. तिची गुंडाळी करून, रबराने बांधून माझ्याच शेजारी ठेवली आहे. तरी मला बिघडलेला म्हणू नका, मित्रांनो. माझी घंटी अजून शाबूत आहे. फक्त तिला वाजवणारे आता दुसऱ्या वाटेने येतात.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. त्या काळी बहुतेक टेलिफोन काळे असत, पण त्या आठवड्यात साच्यात हिरवी भुकटी पडली आणि आम्ही शंभरेक भावंडे कच्च्या आंब्याच्या रंगाची निघालो. मग पेंढ्यात गुंडाळून खोक्यात, खोक्यातून जहाजात, आणि कोरिन्तो बंदरावर उतरून रेल्वेने मानाग्वाला. खोके उघडले तेव्हा पहिल्यांदा गरम हवा लागली. ती अजून लागतेच आहे.

एकोणीसशे एकोणसत्तर साली फेर्मिन नावाच्या लाइनमनने मला नुबियाच्या घरी आणून बसवले. नुबिया तेव्हा एकोणीस वर्षांची होती, नव्यानेच लग्न होऊन आलेली. तिचा नवरा एवेनोर म्हणाला, "भिंतीवरच्या फळीवर ठेवा, सगळ्यांना दिसेल." फेर्मिनने मला आधी उलटे केले. माझ्या पोटावर एक कागदी पट्टी चिकटवली, कंपनीचा शिक्का मारला आणि शाईच्या पेनाने हळूहळू पत्ता लिहिला: पालोमा थिएटरपासून दोन गल्ल्या तळ्याकडे, अर्धी गल्ली वर.

आमच्या शहरात पत्ता असाच असतो. रस्त्यांना नावे नाहीत, घरांना आकडे नाहीत. एखादी मोठी खूण धरायची आणि तिथून मोजत जायचे. उत्तर म्हणजे तळ्याकडे. सूर्य उगवतो ती बाजू वर, मावळतो ती खाली. एवढे कळले की माणूस चुकत नाही.

पेनाच्या टोकाने मला गुदगुल्या झाल्या होत्या, एवढेच मला आठवते. त्या पट्टीचे पुढे काय होणार आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

आमच्या गल्लीत मी एकटाच टेलिफोन होतो. बाळ झाल्याच्या, परीक्षा पास झाल्याच्या, काका वारल्याच्या बातम्या माझ्यातूनच आल्या. कोणाचा फोन आला की नुबिया दारात उभी राहून हाक मारी आणि ती व्यक्ती ओल्या केसांनी, एका पायात चप्पल घालून धावत येई. रिसिव्हरला कधी कॉफीचा वास लागे, कधी रडण्याचा ओलावा. जाताना प्रत्येक जण माझ्यावर हात ठेवून म्हणे, "देव तुझं भलं करो, नुबिया," आणि मला वाटे, यातले थोडे भले माझेही व्हावे.

बहात्तरच्या नाताळाच्या तोंडावर भूकंप झाला. शहराचा मधला भाग बसला. पालोमा थिएटरही गेले. आमचे घर कडेला होते म्हणून तडे जाऊन उभे राहिले. मी फळीवरून खाली पडलो आणि माझ्या कानाशी एक टवका उडाला, तो अजून आहे. पुढे दोन वर्षे माझ्यात आवाज नव्हता. मग तोच फेर्मिन लाइन जोडायला आला, केस पांढरे झालेला. त्याने मला पुन्हा उलटे केले, पट्टी वाचली, मान हलवली आणि खाली पेन्सिलने काहीतरी लिहिले. सही केली, पुन्हा शिक्का मारला. नुबियाने त्याला कॉफी दिली. त्याने काय लिहिले ते तिने विचारले नाही, आणि त्यानेही सांगितले नाही. त्या दिवसांत विचारण्यासारख्या दुसऱ्या पुष्कळ गोष्टी होत्या.

थिएटर पडले, पण पत्ता पडला नाही. लोक म्हणू लागले, "जिथं पालोमा थिएटर होतं तिथून दोन गल्ल्या तळ्याकडे." ज्यांनी ते थिएटर पाहिलेही नाही, तेसुद्धा असेच म्हणत. पुढे वर तीन गल्ल्यांवरच्या पेट्रोल पंपाची खूण नव्या पिढीला सोयीची वाटू लागली, पण टेलिफोनच्या बिलावर थिएटर तसेच उभे राहिले.

एवेनोर गेल्यावर नुबियाने नाकातामाल करायला सुरुवात केली. मक्याचे मऊ पीठ, त्यात डुकराचे मांस, थोडे तांदूळ, बटाट्याची चकती, पुदिना. सगळे केळीच्या पानात बांधायचे आणि मोठ्या पातेल्यात तासन् तास उकडायचे. शनिवारी नाकातामाल घरी आले नाहीत तर आमच्याकडे आठवडा संपल्यासारखा वाटत नाही. शुक्रवारी मी सकाळपासून वाजत असे. तिचे हात पिठात, म्हणून चोना माझा रिसिव्हर तिच्या कानाशी धरी. चोना म्हणजे तिच्याबरोबर पहिल्या दिवसापासून पाने पुसणारी बाई. हात कामात आणि जीभ मोकळी.

"सहा का? मागच्या वेळी आठ होते, प्रोफे. घरातली दोन माणसं उपाशी ठेवणार का तुम्ही?" नुबिया म्हणे.

प्रोफे ओक्ताविओ म्हणजे कोपऱ्यावरचे निवृत्त शिक्षक. ते आधी तिच्या गुडघ्याची चौकशी करत, मग स्वतःच्या पाठीचे सांगत, मग पावसावर येत, आणि अगदी शेवटी ऑर्डर देत. सगळेच तसे करत. आमच्याकडे फोन उचलल्या उचलल्या काम सांगणे म्हणजे दार न वाजवता घरात शिरणे.

वर्षे गेली. गल्लीतली मुले मोठी होऊन परदेशी गेली, कोणी कोस्टा रिकाला, कोणी मायामीला. तिथूनही ती मलाच फोन करत. रोसिबेल ही त्यांतली एक. दर शुक्रवारी सान होसेहून तिचा फोन येई. "तिया नुबिया, आईला दोन पाठव. आणि चोनाला सांग, दार वाजवून नुसतं हातात देऊ नकोस, आत जा. बसली आहे का निजली आहे ते बघ, नि मला सांग." तिया म्हणजे मावशी. नात्याने नुबिया तिची कोणीच नव्हती. तिची आई, दोन्या ट्रान्सितो (दोन्या म्हणजे बाई), आमच्याच गल्लीत एकटी राहणारी, डोळ्यांनी अधू, आणि मोबाइलला हात न लावणारी.

मित्रांनो, घरोघरी मोबाइल आले तसे माझे वाजणे कमी झाले. माझ्यावर पिठाची पिशवी ठेवू लागले. एकदा तर माझ्या तबकडीवर कोणीतरी कांदा ठेवला होता. मला वाईट वाटले, पण शुक्रवार होता. शुक्रवारी अर्धी गिऱ्हाइके अजून माझ्याच नंबरावर येत. परदेशातल्या मुलांना तर दुसरा नंबर माहीतच नव्हता.

मग एक पत्र आले. तांब्याच्या तारांच्या जुन्या लाइनी महिनाअखेर काढून टाकणार. ज्यांना नंबर ठेवायचा असेल त्यांनी तो त्याआधी दुसऱ्या सेवेकडे न्यावा, नाहीतर तो रद्द होईल.

नुबियाने पत्र दोनदा वाचले आणि माझ्याकडे पाहिले. तिच्या स्वयंपाकघरावर तीन बायकांची चूल पेटत होती.

तिच्या भाचीने, यामिलेतने, लॅपटॉप उघडला. "तिया, घाबरू नकोस. आता फोन इंटरनेटवरून चालतो. डबा लागत नाही, तार लागत नाही. एकच नंबर, आणि तो आपल्या तिघींच्या मोबाइलवर वाजतो. फक्त कोणती कंपनी घ्यायची ते ठरवायचं."

"महिन्याला किती नाकातामाल?" नुबियाने विचारले. ती सगळे हिशेब नाकातामालातच करी.

"एक आहे तीस नाकातामालांची. त्यात खूप काही आहे. दहा माणसांची मीटिंग घेता येते."

"आपण तिघी आहोत आणि एकाच टेबलाभोवती उभ्या असतो. मीटिंग दिवसभर चालूच असते. पुढची सांग."

"एक सात नाकातामालांची. आणि एक फक्त तीनची."

"तीनची घे," चोना म्हणाली. "उरलेले चार आपण खाऊ."

तीनवाली कंपनी आठवडाभर फुकट वापरून बघायला देत होती. तिचा नंबर नवा होता, पण यामिलेत म्हणाली, नंबर काय, सांगू की लोकांना. तिने दारावर पाटी लावली, गल्लीत सगळ्यांना कळवले आणि खरी परीक्षा व्हावी म्हणून माझी वायर भिंतीतून काढली. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा पूर्ण बहिरा झालो.

शुक्रवारी यामिलेतचा मोबाइल मधूनमधून टुणटुण करे, पण ऑर्डर काही येईनात. शनिवारी पातेल्यात त्रेचाळीस नाकातामाल उरले. संध्याकाळी तिने साठलेले संदेश लावले. आधी तिने भरलेला यंत्राचा आवाज: ऑर्डरसाठी एक दाबा, चौकशीसाठी दोन दाबा. आणि मग लोक.

"बुएनास, दोन्या नुबिया. गुडघा कसा आहे?" हे प्रोफे ओक्ताविओ. मग बराच वेळ शांतता. मग खाकरणे. "बरं, कामात दिसताय. ठेवतो."

दुसरी एक बाई: "एक दाबा म्हणतेस, कुणाची गं तू? नुबियाची भाची का? आवाज बसलाय तुझा. आल्याचा काढा घे." आणि खट्ट.

असे एकवीस संदेश. लोकांनी यंत्राला रामराम केला, त्याची तब्येत विचारली, उत्तराची वाट पाहिली आणि उत्तर येत नाही म्हणून मुकाट्याने फोन ठेवला. ऑर्डर एकानेही दिली नव्हती. न विचारता कशी देणार?

चोना हसून हसून खाली बसली. नुबिया हसली नाही. "रोसिबेलचा फोन कुठाय?" तिने विचारले.

रोसिबेलचा फोन नव्हता. असणार कसा? तिला नवा नंबर कोणी सांगितलाच नव्हता.

रविवारी सकाळी चोना स्वतःच दोन्या ट्रान्सितोकडे गेली आणि परत येऊन म्हणाली, "काल सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसली होती म्हणे. टेबलावर ताटली मांडलेली. मला म्हणाली, माझी पोर विसरली असेल. मी म्हटलं, पोर नाही विसरली, आम्ही कानाला कुलूप लावून बसलो होतो."

नुबियाने उठून स्वतःच्या हाताने माझी वायर भिंतीत घातली. सोमवारी सकाळीच मी वाजलो.

"तिया!" रोसिबेलचा आवाज फुटत होता. "शुक्रवारी अकरा वेळा फोन केला! वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. मला वाटलं तू मेलीस! मग वाटलं आई..."

"मी पिठात आहे नि तुझी आई खुर्चीत आहे. आधी श्वास घे," नुबिया म्हणाली. रिसिव्हर ठेवल्यावर तिचा हात बराच वेळ माझ्यावर होता. मग ती यामिलेतला म्हणाली, "नंबर हाच राहायला हवा. बाकीचं नंतर."

आता तिने कंपनी निवडली ती बाजारात केळीची पाने निवडतात तशी, एकेक उलटून. सातवाल्यांना फोन लावून तिने आधी किती घंट्यांनी उचलतात ते मोजले. मग विचारले, माझा जुना नंबर तुम्ही आणाल का? लाइट गेली तर फोन कुठे वाजेल? माझे हात पिठात असले तर दुसरीकडे आपोआप जाईल का? परदेशातून आलेल्या फोनचे जास्त पैसे लावाल का? आणि उद्या मी तुम्हाला सोडले तर माझा नंबर मला परत नेऊ द्याल ना? शेवटच्या प्रश्नावर यामिलेतने भुवया उंचावल्या. "लग्नाआधीच काडीमोडाचं विचारतेस, तिया?" नुबिया म्हणाली, "तेव्हाच विचारायचं असतं."

सगळ्याची उत्तरे बरी आली. पण अर्ज परत आला.

त्या कंपनीचा एफ्राइन नावाचा मुलगा दुसऱ्याच देशातून, बोगोताहून बोलत होता. यामिलेतने मोबाइल टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"सेन्योरा, बिलावरचा पत्ता आणि ओळखपत्रावरचा पत्ता जुळत नाही. रस्त्याचं नाव सांगता का?"

"रस्त्याला नाव नाही, बाळा."

"मग घर नंबर?"

"घराला नंबर नाही. फोनला आहे. तोच तर मागतेय मी."

"ओळखपत्रावर पेट्रोल पंपापासून तीन गल्ल्या खाली असं आहे. बिलावर पालोमा थिएटर आहे. ते थिएटर मला नकाशात दिसत नाही."

"दिसेल कसं? पडलं ना ते."

"कधी?"

"बहात्तर साली."

"म्हणजे सेन्योरा, जे थिएटर पन्नास वर्षं नाही, तिथून तुम्ही दोन गल्ल्या राहता?"

"आणि अर्धी गल्ली वर."

चोना पाने पुसता पुसता ओरडली, "त्याला सांग, थिएटर पडलं, गल्ल्या नाही पडल्या!"

मुलगा हसला, पण नियम हसत नाहीत. दोन्ही पत्ते एकाच घराचे आहेत असे दाखवणारा टेलिफोन कंपनीचा एखादा जुना कागद हवा, तो म्हणाला. यामिलेतने कपाट उपसले. एवेनोरचे कागद भूकंपात गेले होते, उरलेले वाळवीने नेले होते. अर्ज दुसऱ्यांदा परत आला. महिना संपायला दोन दिवस राहिले.

त्या दुपारी नुबिया स्टुलावर बसली आणि म्हणाली, "जाऊ दे. नवा नंबर घेऊ. रोसिबेलला मी कळवीन. बाकीच्यांना..." ती थांबली. बाकीच्यांचे नंबर तिच्याकडे नव्हतेच. तेच फोन करत, ती उचलत असे.

चोना म्हणाली, "मग हा डबा भंगारवाल्याला देऊ? फळी रिकामी होईल."

"देऊ नकोस. आणि असा धुळीतही ठेवू नकोस. नीट पूस त्याला. पन्नास वर्षं राबलाय, कधी दमलो म्हणाला नाही."

मित्रांनो, मला इतक्या वर्षांत कोणी खालून पुसले नव्हते. चोनाने ओले फडके पिळले, माझी तबकडी पुसली, कानाचा टवका पुसला आणि मग मला मांडीवर पालथे घातले. पिठाचा जुना थर निघू लागला. तिचा हात थांबला.

"नुबिया," ती म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच टोमणा नव्हता. "याच्या पोटावर काहीतरी लिहिलंय."

यामिलेतने चष्मा लावून वाचले. शाईने: पालोमा थिएटरपासून दोन गल्ल्या तळ्याकडे, अर्धी गल्ली वर. शिक्का, एकोणीसशे एकोणसत्तर. आणि खाली पेन्सिलने: थिएटर पडले. घर तेच. नवीन खूण पेट्रोल पंप, तेथून तीन गल्ल्या खाली. सही, फेर्मिन, लाइनमन. शिक्का, एकोणीसशे चौऱ्याहत्तर.

नुबियाने पट्टीवर बोट फिरवले. "मी त्याला कॉफी दिली होती," ती म्हणाली. "फक्त कॉफी."

माझ्या पोटाचा फोटो बोगोताला गेला. दुसऱ्या दिवशी एफ्राइनचा फोन आला. "सेन्योरा, नंबर तुमचाच. साहेबांनी तो फोटो दोनदा बघितला. विचारत होते, हे गृहस्थ अजून नोकरी करतात का?"

महिन्याच्या शेवटच्या दुपारी माझ्यातला आवाज हळूच गेला. समुद्राचे पाणी ओहोटीला जाते तसा, न दुखता. थोड्याच वेळात नुबियाच्या एप्रनच्या खिशात माझा नंबर वाजला. तो ऐकताना मला काय वाटले ते सांगता येणार नाही. आपले मूल दुसऱ्या घरात हसताना ऐकावे, तसे काहीसे.

तिघींचे हात पिठात असतील तेव्हासाठी नुबियाने स्वतःचा आवाज भरला. एक दाबा, दोन दाबा तिने काढून टाकले. आता तो फोन असे म्हणतो: "बुएनास, मी नुबिया. गुडघा बरा आहे. तुम्ही कसे आहात?" मग तो थांबतो. चांगला दहा श्वास थांबतो, पाठीचे आणि पावसाचे सांगून होईपर्यंत. आणि मग विचारतो, "बरं, किती पाठवू?" प्रोफे ओक्ताविओ म्हणतात, यंत्र मोठे मर्यादशील आहे. रोसिबेलचा फोन आला तर मात्र तिघींपैकी जी जवळ असेल ती पीठ लागल्या हातानेच उचलते.

मला नुबियाने फळीवरून काढून रस्त्याकडच्या खिडकीत ठेवले आहे. पट्टीवर पारदर्शक कागद चिकटवला आहे. सकाळचे ऊन माझ्यावर पडते आणि माझा कैरीचा रंग जुन्या दिवसांसारखा दिसतो.

परवा प्रोफे ओक्ताविओ खिडकीखाली उभे राहून कोणाला तरी मोबाइलवर घर सांगत होते. "सोपं आहे हो. हिरव्या टेलिफोनपासून एक गल्ली वर, निळं दार." मी ते ऐकले आणि माझी घंटी आतल्या आत हलली. आमच्या शहरात यापेक्षा मोठा मान नाही.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. घरातली जुनी वस्तू टाकून द्यायची वेळ आली तर टाका, जागा सगळ्यांनाच लागते. पण टाकण्याआधी एकदा पुसा, आणि पुसताना तिला उलटी करून बघा. तुमच्या आधी कोणीतरी तुमच्यासाठी काहीतरी लिहून ठेवलेले असते.

आणि कधी शनिवारी इकडे आलात तर नाकातामाल खायला या. मी खिडकीत असेन. नसलो तरी बिचकू नका. कोपऱ्यावर कोणालाही विचारा, "जिथं हिरवा टेलिफोन होता ते घर कुठलं?" आधी त्यांची तब्येत विचारा मात्र. मग ते तुम्हाला दारापर्यंत आणून सोडतील.